पाच नंबरचा कोळी

३ तारीख, सोमवार
पीएचडीवाली मुलगी दोन आठवडे गुहेत चालली. लॅबच्या तळघरातले बारा कोळी माझ्या, म्हणजे लॅबच्या शिपायाच्या, हवाली. सहा गुहेच्या तोंडाशी राहणारे, सहा अगदी आतले, ठार अंधारातले, लांब पायांचे. दर तासाला लाल टॉर्च लावायचा, ट्यूनिंग फोर्क ठोकून तो थरथरता चिमटा जाळ्याला टेकवायचा, कोळी पुढे येतो की मागे पळतो ते वहीत लिहायचं. तिचा अंदाज असा की आतल्यांचं पळणं सुटलंय, कारण तिथे त्यांच्यावर टपलेलं कोणी नाही. म्हणाली, काका, माझी तीन वर्षं यावर आहेत. म्हटलं, निर्धास्त जा, डोळ्यांत तेल घालून बघतो.

५ तारीख
पायऱ्या एकोणतीस. गुडघे माझे, कोळी तिचे. तासातासाला त्यांची झोपमोड करणं शास्त्रालाही मान्य नसावं. सकाळ-संध्याकाळ पुरे. मधल्या नोंदी अनुभवाने.

८ तारीख
आज वरूनच लिहिल्या. आतले पुढे, तोंडाशी राहणारे मागे. अक्षर सुरेख आलंय. सोमवारपासून नियमित.

१२ तारीख
नियमित सुरू केलं. पाच नंबर, आतल्यांपैकी, पाय आखडून वाळलेला. आजचा नव्हे, बऱ्याच दिवसांचा. वहीत तो गेल्या आठवडाभरात चाळीस वेळा पुढे आलाय. जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, तिला आत्ता फोन करा. म्हटलं, गुहेत रेंज नसते.

१३ तारीख
मार्ग काढला. अडगळीच्या खोलीतला एक कोळी पाचमध्ये सोडला. अंधारात कोण बघतंय. ती आली की पहिल्या मिनिटाला सांगणार.

१७ तारीख, सोमवार
आली. वही वाचून तिच्या डोळ्यांत पाणी. पाच नंबर एकदाही मागे फिरला नाही म्हणून शुक्रवारी समितीपुढे तोच दाखवणार. येताना माझ्यासाठी गुडघ्याचा पट्टा आणला होता. सांगवेना. उद्या नक्की.

२१ तारीख, शुक्रवार, साडेचार
सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे टाळलं. तिने फोर्क टेकवला आणि पाच नंबर धूम मागे पळाला. तिन्ही वेळा. समितीतल्या सरांनी विचारलं, नोंदी कोणी घेतल्या? मी मागे खुर्च्या लावत होतो. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाली, मी, सर. सर म्हणाले, पहिल्यापासून करा. म्हणजे सहा महिने. मी बोलणारच होतो, पण खुर्च्याच लावत राहिलो. लाज वाटते. पण इथे लिहिलं म्हणजे निम्मी कबुली झालीच.

२४ तारीख, सोमवार
धीर करून तळघरात गेलो. ती लाल टॉर्च घेऊन बसली होती. पाच नंबर मी बदलला, म्हटलं. म्हणाली, शुक्रवारी उजेडात त्याचे आखूड पाय बघितले तेव्हाच कळलं. मग सरांना का नाही सांगितलंस, विचारलं. म्हणाली, तुमच्या रिटायरमेंटला चौदा महिने राहिलेत ना. मला रडू आलं. म्हटलं, यापुढे दर तासाला मी येतो, एकही नोंद चुकणार नाही.

नको म्हणाली. जाताना तेवढं दार घट्ट ओढून घ्या, काका, उजेड येतोय.

ओढून घेतलं.