बेल न ऐकणारी कुत्री

रविवार, संध्याकाळ. शुक्रवार पेठ.

कुत्रं हवं होतं ते बेलसाठी. सगळी उमर कापड कारखान्यात मागावर काढून नानांचे, माझ्या वडिलांचे, कान गेले. मी शाळेत शिकवायला गेले की दारावरची बेल त्यांना कळत नाही. म्हणून भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातून तिखट कानांचं कुत्रं आणायचं ठरवलं. आज आम्ही गेलो तेव्हा तिथे तसं एक होतंही, तांबूस, फाटक वाजलं की भुंकणारं.

नाना मात्र कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या कुत्रीपुढे जाऊन बसले. तिथल्या ताईंनी कागदावर लिहून दाखवलं, "तिला ऐकू येत नाही. कुणी नेत नाही."

नाना हसले. कारखान्याच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, तिथे सगळे हातानेच बोलतात. नानांनी दोन बोटं आत वळवली, इकडे ये. ती हाताकडे बघत राहिली. मग लंगडत आली.

"हिलाच न्यायची," नाना म्हणाले. "हिच्याशी बोलता येतंय की मला."

मी चिडले. मग बेलचं काय? रिक्षात तेच डोक्यात, घरी आल्यावरही तेच.

मघाशी मुद्दाम बाहेर जाऊन बेल वाजवली. दोघंही बसूनच. खिडकीतून पाहिलं तर नाना हातांनी तिला काहीतरी लांबलचक सांगत होते. आई त्यांच्याच कारखान्यात होती. घरात या खुणा फक्त तिला यायच्या. ती गेल्यावर नानांचे हात गप्पच झाले होते. मी कधी शिकलेच नाही.

पुन्हा बेल वाजवली नाही. किल्लीने दार उघडलं आणि कुत्रीच्या शेजारी जाऊन बसले, नानांच्या हातांकडे बघत.