न दुखणारा गुडघा

माय, मागच्या महिन्यात माझ्या तोंडून तुझं वाक्य निघालं. अमळनेरजवळच्या आमच्या गावाहून धाकट्या जावेचा फोन होता. श्रावण तोंडावर आला होता, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसायची होती, आणि देवीच्या नैवेद्याचं ती म्हणत होती, "अक्का, यंदा तुमना हातना रोट. आमना काय भरवसा नई." भरवसा कशाचा, ते बायकांना सांगावं लागत नाही. तरण्या सुनांपैकी कुणाची पाळी कधी येईल याचा नेम नसतो आणि माझी तर केव्हाच बंद झालेली. हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. पण मी म्हटलं, "अगं, माझा गुडघा दुखतोय." फोन ठेवला आणि शिलाई मशीनसमोर तशीच बसून राहिले. माझा गुडघा दुखत नव्हता. गेले काही दिवस अंगावरून लाल जात होतं, थोडं थोडं, आणि ते मी घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

तू गेलीस तेव्हा मी तिशीतसुद्धा नव्हते. आता मेहरूणमध्ये माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, घरात सून आहे, नातू शाळेत जातो. तुझी आठवण रोज येते असं लिहिलं तर खोटं होईल. कानबाई जवळ आली की मात्र तू येतेस. धुळ्याकडच्या आपल्या घरी भिंतींना नुकताच चुना दिलेला, सगळी भाऊबंदकी गोळा झालेली, आणि स्वयंपाकघरात मधोमध तू, धुवट लुगड्यात, कोपरापर्यंत पिठात. घरातल्या एकेका पुरुषामागे मुठी मोजून घेतलेले गहू तूच निवडायचीस, तूच दळायचीस, त्या पिठाचे रोट तूच करायचीस. काकू आणि वहिनी उंबऱ्याशी घुटमळायच्या. तू त्यांना चिडवायचीस, "मना कारभार संपना, आते मी कानबाईनी!" केवढा तोरा होता तुला त्याचा. बायकांना पाळी गेली की म्हातारपणाची धास्ती वाटते, तुला मात्र बढती मिळाल्यासारखं झालं होतं. आपल्या अख्ख्या भाऊबंदकीत रोटाचा मान तुझा होता, आणि दुसरा कुठलाही मान तुला कधी कुणी दिलेला मला आठवत नाही.

म्हणून त्या वर्षी मी माहेरी आले आणि तुला ओसरीवर खांबाला टेकून बसलेली पाहिलं तेव्हा आधी मला हसूच आलं. म्हटलं, रुसली की काय माय? तू म्हणालीस, "गुडघा दुखस वं. तुम्ही करा बठ्ठं." त्या वर्षीचे रोट काकूने केले, ते चिवट झाले, आणि तू एकाही रोटाला नाव ठेवलं नाहीस. तिथेच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. पण आम्ही सगळे गुडघ्याच्याच मागे लागलो. दादाने धुळ्याला नेऊन गुडघ्याचा फोटो काढून आणला. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने झकास आहे. तरी दादाने येताना गुडघ्याला घालायचा पट्टा आणला, आणि तू तो घातलास! माय, तू तो पट्टा वर्षभर घालून हिंडलीस. दिवाळीला आले की संध्याकाळी मी तिळाचं तेल कोमट करून तुझ्या गुडघ्याला चोळायची. तू डोळे मिटून घ्यायचीस. मला वाटायचं, बरं वाटतंय तिला. कदाचित वाटतही असेल. लेकीने पाय मांडीवर घेतला तर कुणाला बरं वाटणार नाही?

पुढच्या कानबाईलाही तू ओसरीवरच होतीस. त्याच सुमाराला गावात बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं. नर्सबाई घरोघर बोलवायला आल्या. तू वहिनीला धाडलंस, काकूच्या सुनांना धाडलंस आणि स्वतः मात्र म्हणालीस, "मनं बठ्ठं बंद व्हयेल शे, माले काय तपासतस?" हे वहिनीने मला पुढे सांगितलं. सगळ्या खऱ्याखुऱ्या निरोगी बायका रांगेत उभ्या राहिल्या आणि तू घरी त्यांची लेकरं सांभाळलीस.

त्या दिवाळीत मी तुझ्यासाठी ब्लाउज शिवून आणला होता. जुन्याच मापाचा. तो तुझ्या अंगावर पोत्यासारखा लोंबला. दोन्ही बाजूंनी टाके घ्यायचे म्हणून मी तुला उभं केलं, तोंडात टाचण्या धरलेल्या, आणि खाली बघते तर तू बसली होतीस त्या गोधडीवर डाग. ताजा. तू चटकन त्यावर पाय ठेवलास. मग माझा दंड घट्ट धरून म्हणालीस, "कोनले सांगू नको. या वयमा पाळी परत उनी. देवले चालत नई." दोन कानबाया, माय. वर्षाहून जास्त तू जुनी लुगडी फाडून वापरत होतीस आणि ती सगळ्यांच्या आधी उठून मागच्या दगडावर धूत होतीस. तुला मरणाची भीती वाटलीच नाही. तुला लाज वाटली. नातवंडं झालेल्या बाईला पुन्हा पाळी आली हे लोकांना कळलं तर काय म्हणतील, याची लाज. आणि विटाळात रोटाला हात लागू नये, एवढीच काळजी.

धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात बाईडॉक्टरांनी तुला तपासलं, तुकडा काढून पाठवला, आणि काही दिवसांनी दादाला आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर आहे, पसरलाय, उशीर झाला. पाळी गेल्यावर एक थेंब जरी दिसला तरी यायला हवं होतं. आत येऊन मी तुला एवढंच सांगितलं की ती पाळी नाही, आजार आहे. तू विचारलंस, "मंग तो इटाळ नई व्हता?" मी मान हलवली. तू म्हणालीस, "मंग दोन साल उगाच वाया गयात." मला वाटलं, उपचाराची दोन वर्षं म्हणतेय. तू रोटांबद्दल बोलत होतीस! माय, त्या क्षणी मला तुझा इतका राग आला की मी बाहेर जाऊन जिन्यात रडले. बाई मरायला टेकलीय आणि हिला पिठाचं पडलंय. रेडिएशनचे शेक दिले, रक्त चढवलं, काही उपयोग झाला नाही. पुढची कानबाई तू पाहिली नाहीस. तो राग मी इतकी वर्षं जपून ठेवला. तुझ्यावरचं प्रेम त्याच्याखाली कुठेतरी होतं, पण वर राग होता.

आणि मागच्या महिन्यात मी फोनवर म्हटलं, गुडघा दुखतोय.

सुनेने ते आतून ऐकलं. पोर बँकेत नोकरी करते, बोलायला फटकळ आहे, आमचं रोज कशावरून तरी वाजतं. संध्याकाळी ती तेलाची वाटी घेऊन आली, माझ्यासमोर फरशीवर बसली आणि म्हणाली, "आई, द्या पाय. कुठला दुखतोय?" कुठला सांगू? मी उजवा पुढे केला, मागे घेतला, डावा पुढे केला. आणि त्याच क्षणी मला लख्ख आठवलं की तूही असंच करायचीस. एका संध्याकाळी डावा, एका संध्याकाळी उजवा. पट्टासुद्धा कधी या पायात, कधी त्या. मी जो पाय येईल तो चोळत बसायची. सून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिला म्हटलं, दार लाव. आणि सगळं सांगितलं. तिने हातावरचं तेल तिथेच पदराला पुसलं आणि फोन उचलून दुसऱ्या दिवसाचा नंबर लावला. मला रागावलीसुद्धा नाही. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.

जळगावच्या डॉक्टरांनी तपासलं, तुकडा घेतला. अहवालाची वाट पाहताना मी एकही ब्लाउज धड शिवला नाही, एकीच्या बाह्या दुसरीला जोडल्या. तुला होतं तेच निघालं. पण अजून तिथल्या तिथे आहे, बाहेर गेलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, "लवकर आलात, बरं झालं." दोनच शब्द गं, लवकर आलात. खुर्चीत मी बसले होते आणि माझ्या मनात होतं, हे शब्द खरे तर तुझे, चुकून माझ्याकडे आले. कानबाई झाली की लगेच उपचार सुरू करायचे ठरलं.

काल रविवार होता. आम्ही सगळे गावी गेलो. जावेला सुनेने आधीच सगळं सांगितलं होतं, स्पष्ट शब्दांत: हा आजार आहे, विटाळ नाही, रोट आईच मळतील. कुणी चकार शब्द काढला नाही. उलट पाट मांडून, पीठ काढून, माझ्यासाठी जागा करून ठेवली होती. मी आंघोळ केली, धुवट लुगडं नेसले, पाटावर बसले, परातीत पाणी ओतलं. समोर कानबाई, नथ घातलेली, साडी नेसलेली. मला सगळं ठाऊक आहे, माय. नाव ठाऊक आहे, कारण ठाऊक आहे, औषध ठाऊक आहे. तुझ्यावर इतकी वर्षं रागावले तीच मी आहे.

पण अंगावरून अजून थोडं जातच होतं, आणि मी पिठाला हात लावला नाही. जाव बघत होती. मी उठले, आणि गुडघ्यावर हात ठेवला.