कडेचं बटण

३ जानेवारी
नव्या पिढीच्या फोनची आज पहिली मीटिंग. माझं बटण राहणार. तसं कुणी म्हणालं नाही, पण नाहीही म्हणालं नाही.
अकरा वर्षं मी कंपनीत कडेचं बटण बघतो. एवढ्याशा बटणात अकरा वर्षं काय करतोस, असं साडू विचारतो. त्याला काय कळतंय! बटणाला टक असते. ती फार खोल गेली तर फोन स्वस्तातला वाटतो, कमी पडली तर दाबलं की नाही तेच कळत नाही. ती टक माझी आहे.
बाबांना सांगून टाकलं, नवा फोन तुम्हाला. त्यांचा हात थरथरतो. काचेवर बोट सरकवायला जातात आणि फोन कट होतो. मग आत्या मला ऑफिसात फोन करून ओरडते की भाऊ बोलत का नाही माझ्याशी. नव्या फोनात माझं बटण दाबलं की फोन उचलला जाणार. बाबा म्हणाले, बघ, जमलं तर. जमलं तर म्हणजे काय?

१७ जानेवारी
डिझाइनच्या मुख्य बाईंनी नमुना दाखवला. (मनात मी त्यांना गुळगुळीत म्हणतो.) पातळ, कडा सलग. बटण दिसेना म्हणून विचारलं. म्हणाल्या, हा नुसता आकार आहे. म्हणजे बटण मागाहून येणार. बरोबरच आहे, दागिने घालून कुणी कपड्याचं माप देत नाही.

२ फेब्रुवारी, सकाळी
निश्चय. यापुढे मीटिंगमध्ये गप्प बसायचं नाही.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी
गप्प बसलो. कारण होतं. बॅटरीवाला बोलत होता. बटणामागची पोकळी त्याला दिली तर बॅटरी तासभर जास्त चालेल म्हणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. एकट्याने न वाजवणं बरं दिसत नाही.

१९ फेब्रुवारी
साहेबांना लिफ्टमध्ये गाठलं. भाषण पाठ होतं. पहिल्याच वाक्याला त्यांचा मजला आला. जाता जाता म्हणाले, तुझा विचार चाललाय. जीव भांड्यात पडला. बायकोला सांगितलं तर ती म्हणते, तुझा की बटणाचा? तिला शब्द पकडायची खोडच आहे.

५ मार्च
मीटिंगच्या विषयांतून बटण काढलं. वाद मिटला एकदाचा!
बाबांना सराव हवा, म्हणून जुन्या नमुन्यातलं एक बटण लाकडी ठोकळ्यावर बसवून दिलं. टीव्ही बघताना टक टक चालू असते. आत्याला सांगितलंय म्हणे, आता तुझा एकही फोन चुकणार नाही. फार खूश आहेत. जरा घाईच केली त्यांनी.

२८ मार्च
बढती! आता मी 'स्पर्श-अनुभव' विभागात. टेबल खिडकीपासून लांब आहे, पण ऊन लागत नाही.
फोनला बटण नाही. तरी बटण गेलं असं म्हणता येणार नाही, कारण टकेचं रेकॉर्डिंग झालं. बंद खोलीत माईकसमोर दिवसभर बटण दाबत होतो. कडेवर बोट टेकलं की माझी टक वाजेल. टक राहिली म्हणजे बटण राहिलंच की.
फक्त बोट जरा वेळ स्थिर ठेवावं लागतं. बाबांना इतक्यात बोललो नाही. उगाच त्यांच्या जिवाला घोर.

१४ मे
फोन बाजारात आला. टक सेटिंगमध्ये आहे, बरीच आत. मुळात बंद ठेवलीय. हौशी माणूस शोधतोच. मलाही सापडली शेवटी.

१६ मे, सकाळी
फोन बाबांना दिला. टक चालू करून दिला. त्यांनी चारी कडांवरून अंगठा फिरवला. म्हणाले, छान गार लागतो रे, दाबायचं कुठे? मी म्हणालो, उजवीकडे, फक्त हात हलवायचा नाही. बोललो आणि जीभ चावली.
तेवढ्यात आत्याचा फोन आला. मी पुढे झालो तर त्यांनी थांबवलं, मीच उचलतो म्हणाले. कड दाबली. परत दाबली. डाव्या हाताने उजवा धरून दाबली. फोन आपला वाजतोय. मी नुसता उभा. फार वाईट वाटलं.
मग बाबांनी फोन मांडीवर ठेवला, शेजारचा ठोकळा घेतला आणि बटण दाबलं. टक. म्हणाले, हे मात्र तू फार चांगलं केलं होतंस.
त्यांचा फोन वाजायचा थांबला आणि माझा वाजू लागला. आत्याच. माझा हात अगदी स्थिर आहे, तरी मला फोन उचलता आला नाही.