घरात घालायचं यंत्र

आवं,

दारातून दोनदा हाक मारली. तुमी पेपरात मान घालून बसलेला, वर बघितलं न्हाई. म्हणून लिहून ठेवतेय. मी कडेगावला बचत गटाच्या बैठकीला चालले. आमटी झाकलीय, भाकरी टोपल्यात हाय.

कानाचं नवीन यंत्र घ्यायचं न्हाई, असं धैर्यशीलला मी सकाळीच पुण्याला कळवलं. पोरगं चिडलं, चिडू दे. यंत्र जुनं हाय खरं, पण काल विश्रामबागेत कानाच्या दवाखान्यातल्या मॅडमनी ते कॉम्प्युटरला लावून आवाज नीट बसवून दिलाय. अजून दोन-तीन वर्षं आरामात चालंल म्हणाल्या.

तुमी च्या प्यायला खाली गेल्यावर त्यांनी मला आणखी एक दाखवलं. यंत्र रोज किती वेळ कानात असतंय, ते त्यातच कळतंय म्हणे. तुमचा जेमतेम तासभर! "आजी, आजोबा हे घालतात तरी कधी?" मी हसून सोडून दिलं. पारावर जाताना घालता आन् घरी आलं की चपलांसंगट काढता, हे त्यांना काय सांगू?

घरात घालून उगं झिजवायचं कशाला, म्हणता. फौजेत तोफांपायी कान गेले, त्याबद्दल माझं कायबी म्हणणं न्हाई. पण पारावरची माणसं आरडूनच बोलत्यात. झिजवायचं नसंल तर तिथं काढून ठेवा.

यंत्राची डबी चिठ्ठीवरच ठेवलीय. दिवस मावळायच्या आत येते. दारातून एकदाच हाक मारीन, आन् ती बी हळू.

मालन