केलेपीच्या घरावरचा माझा हक्क

मी, लेसिएली, कै. फोलाऊ यांची पत्नी, वय एकाहत्तर, राहणार नेइआफूजवळ, वावाऊ बेट, टोंगा, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय तितकंसं शाबूत नाही, पण ऑकलंडच्या डॉक्टरांनी डागडुजी करून दिलं आहे आणि मी ते जपून वापरते. हे लिहिताना माझ्यावर कोणी दबाव टाकलेला नाही. गावात तेवढी हिंमत कोणात नाही.

कलम एक. जमीन आमच्याकडे बाईला कोणाच्या नावे करता येत नाही, म्हणून तिच्याबद्दल मी बोलत नाही. तिच्यावरचं घर माझं आहे. ते पत्रे, खिडक्या आणि पाण्याच्या टाकीसह माझी मुलगी सेइनी हिला मिळावं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती माझ्यासारखीच भांडखोर आहे, त्यामुळे मला काळजी नाही.

कलम दोन. विणलेल्या चटया सेइनीच्या. त्यातली लग्नातली मोठी चटई मात्र माझी भावजय वाईमोआना हिला द्यावी. माझ्या भावाशी इतकी वर्षं संसार केला म्हणून; तो कसा, ते पुढे कळेल.

कलम तीन. रक्तदाब मोजायचं यंत्र गुरुवारच्या मंडळाला द्यावं. ऑपरेशननंतर दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या सांगण्यावरून मी हे मंडळ चर्चच्या दालनात सुरू केलं. ज्यांच्या हृदयाने एकदा दगा दिला आहे अशी माणसं तिथे येतात, रक्तदाब मोजून घेतात, साखर तपासतात, गोळ्या दाखवतात, मिठाबद्दल खोटं बोलतात आणि मग आम्ही बंदरापर्यंत चालत जातो. पाद्री मोसेसे यांना हे कधीच पटलं नाही. "लेसिएली, आजारी माणसाच्या तोंडचा घास काढू नये," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले होते. "घास नाही हो काढत पाद्रीबाबा, खारवलेल्या मांसाचं पिंप काढतेय," मी म्हटलं. त्यांनी अजून मला माफ केलेलं नाही. मीही माफी मागितलेली नाही.

कलम चार. माझ्या अंत्यविधीचं जेवण. माझा नवरा फोलाऊ हृदयविकाराने गेला, आणि त्याला पुरून आलेल्या लोकांनी त्याच दुपारी खारवलेल्या गोमांसाची पिंपं आणि मेंढीच्या चरबीचे पट्टे फस्त केले. ज्याने माणूस नेला तेच त्याच्या नावाने वाढलं, आणि वर ढेकर देऊन म्हणाले, "फोलाऊ गेला, पण थाटात गेला हो!" माझ्या वेळी हा थाट नको. मासे, अळकुड्या, पालेभाजी आणि पपई. मीठ टेबलावर ठेवायचं नाही. ज्याला हे चालणार नाही त्याने घरी जाऊन रडावं.

आता रीतीप्रमाणे हे जेवण माझ्या भावाच्या घरच्यांनी रांधायचं आहे, म्हणून मूळ मुद्द्याकडे येते.

कलम पाच. माझा धाकटा भाऊ केलेपी. आमच्यात बहिणीचा मान भावापेक्षा मोठा, आणि त्या मानापायी वयात आल्यापासून आम्ही एका छपराखाली झोपलो नाही, एकमेकांसमोर थट्टा केली नाही, अंगाच्या दुखण्याखुपण्याबद्दल तर चकार शब्द नाही. अख्ख्या गावाला मी छातीबद्दल सुनावलं, फक्त सख्ख्या भावाला सुनावता आलं नाही. आणि छाती कोणाची बिघडावी, तर त्याचीच.

त्याला झटका येऊन गेल्यावर मी वाईमोआनाला विचारलं, "गोळ्या घेतो का?"

"वन्सं, ते म्हणतात आता दुखत नाही, मग कशाला? शेजारचा पाउला आहे ना, त्याचा खांदा धरला होता, त्याला दिल्या."

"सगळ्या?"

"नाही, उरलेल्या रात्री कावा प्यायला बसतात त्या बैठकीत वाटल्या. एकट्यानं खाणं बरं दिसत नाही म्हणाले."

जन्मभरात डॉक्टरांनी या माणसाला एकच गोष्ट एकट्याने खायला सांगितली, तर तीही यांनी पंगतीला वाढली! उदारपणाला काही सीमा?

वाईमोआना मंडळात मदतीला येते, म्हणून दर गुरुवारी तो तिला घ्यायला यायचा. मी आत आहे म्हणून गाडीतच बसायचा. मग मी मंडळाशी बोलताना मुद्दाम आवाज चढवायचे, "दुखणं थांबलं म्हणजे आजार गेला असं समजणारे गाढव असतात!" तो काच वर करायचा. एवढाच आमचा संवाद.

मेलेल्या बाईला कसला संकोच? म्हणून इथे सरळ लिहिते. केलेपी, गोळ्या तुझ्या एकट्याच्या आहेत. रोज घे. कोणाला देऊ नकोस. तंबाखू सोड. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे, पण गोळी घे.

कलम सहा. मामाच्या घरातली हवी ती वस्तू भाची न विचारता उचलू शकते, हा बहिणीच्या मानातूनच आलेला आमच्याकडचा जुना हक्क. माझ्या मुलीने तो आजवर बजावला नाही, कारण मामाच्या घरात घेण्यासारखं काही नाही. आता बजावावा. सेइनीने मामाकडून तळणीची कढई, मिठाची बरणी आणि तंबाखूची डबी उचलून माझ्या शवपेटीत पायाशी ठेवावी. परत हव्या असतील तर त्याने येऊन उकरून काढाव्यात.

कलम सात. माझ्या कबरीवर काळे गोटे पसरायचे आहेत. ते केलेपीने समुद्रकाठावरून रोज सकाळी पायी आणावेत, नर्सबाई सांगतील तेवढंच चालून, आणि एका वेळी एकच मूठ. गाडी आणायची नाही. कबर मोठी खणावी.

कबरीशेजारची जागा रिकामी ठेवावी. केलेपीच्या धाकट्या मुलीचं लग्न होऊन तिची पोरं शाळेत जाईपर्यंत ती त्याला देऊ नये, त्याने कितीही घाई केली तरी.

कलम आठ. केलेपी माझ्या आधी गेला, तर हे मृत्युपत्र रद्द समजावं. त्यानंतर कोणाला देण्यासारखं माझ्याजवळ काही उरणार नाही.

हे सर्व मी माझ्या हाताने लिहिलं, वाचलं आणि साक्षीदारांसमोर सही केली.

(सही) लेसिएली

साक्षीदार:
१. लुसेआने, दवाखान्यातील नर्स
२. पाद्री मोसेसे (कलम चार माझ्यासमोर दोनदा वाचून, मान्य नसताना)

ठिकाण: नेइआफू, वावाऊ
दिनांक: ८ ऑगस्ट २०१९, गुरुवार, मंडळ सुटल्यावर. गाडी बाहेर उभी आहे.