दंतवैद्य खुनी नव्हता

हे लिहायचं मी चार वर्षं टाळलं. मृत्युपत्र कालपासूनच टाळतोय, पण त्यातलं सहावं कलम चार वर्षं. आज सकाळपासून तीनदा कागद पुढे ओढला. एकदा पेनातली शाई संपलेली निघाली. एकदा खिडकीच्या गजावर दोन कबुतरांचं भांडण लागलं, ते कोण जिंकतं बघत बसलो (कुणीच नाही). आणि एकदा शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी "लिहा हो, टोपण किती चावणार!" म्हणून टोकलं, तेव्हा रागाने पांघरूण ओढून झोपलो. हे गृहस्थ चाळीस वर्षं एका वकिलाकडे कारकून होते, सध्या खुबा बदलून घेतलाय. यात जे कायदेशीर वाटेल ते त्यांचं, उरलेलं माझं.

तर मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावीस, शिक्षण नववी पूर्ण आणि दहावी निम्मी, धंदा मिळेल तो, हल्ली मुक्काम खाट क्रमांक नऊ, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. डावा पाय मात्र दोन जागी मोडलाय. उद्या सकाळी भूल देऊन त्यात सळई घालणार आहेत. त्याआधी एका कागदावर सही घेतली, त्यात 'जिवाचे काही बरेवाईट झाल्यास' अशी ओळ होती. ती ओळ वाचली आणि चहा कडू लागायला लागला. हे मी कुणाच्या धाकाने, आमिषाने किंवा नशेत लिहीत नाही. दुखण्याची गोळी घेतलीय. कारकून म्हणतात गोळीचा उल्लेख नको. पण घेतलीय तर घेतलीय.

कलम एक. पाय कसा मोडला. ("कलमात गोष्टी सांगत नाहीत," कारकून. सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं कसं?) माझी आत्या रहस्यकथा लिहिते. आई-वडील गेल्यावर दादाला आणि मला तिनेच वाढवलं. दादा अभ्यासात बरा होता म्हणून त्याला शिकवलं, आणि मी कशातच बरा नव्हतो म्हणून मला पुस्तकात मारलं. अकरा पुस्तकांत अकरा वेळा. विहिरीत, लिफ्टमध्ये, एकदा तर डोक्यात टाइपरायटर घालून. नाव बदलतं, पण उजव्या भुवईवरचा व्रण प्रत्येक प्रेताला माझाच. शाळेत पोरं विचारायची, "काय रे, या खेपेला कशाने गेलास?"

चार वर्षं बाहेर भटकून दीड महिन्यापूर्वी घरी आलो. दार उघडून आत्या म्हणाली, "जेवलास का?" आणि लगेच, "वजन किती भरतं रे तुझं आता?" नव्या पुस्तकातला खुनी भिंतीवरच्या पाण्याच्या पाइपला धरून तिसऱ्या मजल्यावरून उतरतो, आणि नेमका माझ्याच वजनाचा आहे. मी उतरलो. पाइप मध्येच सुटला. आत्या धावत आली.

"कुठे तुटला?"

"गुडघ्याखाली," मी कण्हत म्हणालो.

"पाय नाही रे, पाइप! कितव्या मजल्याला?"

अर्थात रुग्णालयात पोचेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. दुसऱ्या हातात वही होती, ती गोष्ट वेगळी. तर माझी पहिली इच्छा अशी की त्या पुस्तकातल्या खुन्याने जिन्याने उतरावं. जिन्याने उतरणारे खुनी काय कमी असतात?

कलम दोन. घर. आत्याने माडीवरची खोली आम्हा दोघा भावांच्या नावावर केलीय. त्यातला माझा अर्धा भाग दादाला. कुठला अर्धा हे त्याने ठरवावं, फक्त खिडकीचा घेतला तर तिथल्या कुंडीतल्या झाडाकडे लक्ष द्यावं. दादाशी माझं भांडण एकच. तो रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचतो. बरं, वाचून गप्प बसेल तर दादा कसला! जेवताना पाणी ओतता ओतता म्हणणार, "खुनी भावजय आहे हो." त्याच्यामुळे लहानपणी एकही पुस्तक मला धड वाचता आलं नाही. म्हणून माझ्या संग्रहातल्या सगळ्या पुस्तकांची शेवटची पानं कापून दादाला द्यावीत आणि बाकीची पुस्तकं वाचनालयाला. वाचकांनी आपापसात ठरवावं.

कलम तीन. हत्यारं. कुलुपं उघडायच्या सात तारा, कातडी पाकिटात. आत्याच्या सहाव्या पुस्तकासाठी तिने मला हे काम एका कुलूपवाल्याकडे शिकायला धाडलं होतं. भटकताना याच तारांवर दोन हिवाळे काढले. एका बंदरात बोटी रंगवल्या, एका बागेत सफरचंदं उतरवली, पण जिथे काहीच नाही मिळालं तिथे कुणीतरी किल्ली आत विसरून दाराबाहेर उभं असतंच. एका बाईंचं तर कपाट उघडून दिलं आणि आत त्यांचा हरवलेला नवरा... हे राहू दे, लांबण लागेल. या सातही तारा प्रूफवाले काकांना. ते आत्याच्या पुस्तकांचे मुद्रितशोधक. छपाईतल्या चुका काढण्यात जन्म गेला, पण स्वतःच्या घराची किल्ली आत ठेवून आठवड्यातून एकदा दार ओढून घेतात.

कलम चार. बूट कुणालाही. उजवा जास्त चांगला आहे.

कलम पाच. तक्रार. शेजारचे कारकून गेले दोन दिवस वॉर्डातल्या पुस्तकांच्या गाडीवरून घेतलेली कादंबरी वाचतायत. आत्याची, अकरावी. तीत सहलीला गेलेली माणसं बंगल्यात अडकतात, मी पहिल्याच प्रकरणात वाफेच्या खोलीत मरतो, आणि शेवटी खुनी दंतवैद्य निघतो. आज सकाळी वाचून संपवली आणि पुस्तक छातीवर ठेवून म्हणाले, "वा! काय शेवट आहे! बाईंच्या सगळ्या पुस्तकांत हा शेवट एक नंबर." सिस्टर इंजेक्शन द्यायला आली तर तिलाही सांगितलं. खुनी कोण ते पण. गेली चार वर्षं जिथे जावं तिथे हेच. बंदरावरचा मुकादम, बागेतली स्वयंपाकीण, सगळ्यांना दंतवैद्य आवडतो. ऐकून ऐकून माझे कान किटले.

कलम सहा. दंतवैद्य खुनी नव्हता.

आत्याची पद्धत अशी. सगळी प्रकरणं ती मला सांगते, मी लिहून घेतो आणि छापखान्यात पोचवतो. शेवटचं प्रकरण मात्र स्वतःच्या हाताने लिहिते, लिफाफ्यात घालून लाखेने बंद करते, आणि अगदी अखेरच्या दिवशी माझ्या हातात देते. तोवर खुनी कोण हे तिच्याखेरीज कुणाला ठाऊक नसतं. प्रूफवाले काकांनाही नाही. ते रोज संध्याकाळी तपासलेली पानं घेऊन यायचे आणि दोघं टेबलाशी वाद घालत बसायची.

"दंतवैद्याला खुनी करा, बाई."

"अहो, तो अख्ख्या पुस्तकात दोनदा येतो!"

"म्हणूनच तर. त्याच्याकडे कोण बघणार?"

"तुम्ही चुका शोधा, खुनी मी शोधते."

असं वीस वर्षं, पुस्तक कुठलंही असो. आत्या एरवी कुणापुढे हसायची नाही, त्या टेबलाशी हसायची.

तर अकराव्या पुस्तकाचा लिफाफा घेऊन मी निघालो. छापखाना दहा मिनिटांच्या वाटेवर. वाटेत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून दोरखंडाने कपाट खाली सोडत होते. आता असं काही चाललेलं असताना सरळ पुढे कोण जातं? दोरीला एक माणूस कमी पडत होता, मी हात लावला. लिफाफा मळू नये म्हणून तो आधी, खाली उतरून ठेवलेल्या दुसऱ्या कपाटाच्या खणात ठेवला. काम झालं, सगळ्यांनी पाठ थोपटली, चहा पाजला. चहा पिऊन वळतो तर कपाटं गेलेली, ट्रक गेलेला, कुठे ते कुणाला ठाऊक नाही.

आत्याला सांगायला हवं होतं. पण तिने ते प्रकरण तेरा दिवस दार लावून लिहिलं होतं, आणि छपाई त्याच दिवशी सुरू व्हायची होती. छापखान्याच्या जिन्यावर बसून मी नऊ पानं स्वतः लिहिली. खरा खुनी कोण हे मला माहीत नव्हतं. माहीत होता तो फक्त काकांचा दंतवैद्य, वीस वर्षं ऐकलेला. आत जाऊन म्हणालो, "आत्याचा हात आखडलाय, तिने सांगितलं, मी उतरवून घेतलं." रात्रीच्या गाडीने जे निघालो ते चार वर्षांनी उगवलो.

पुढचं दादाच्या पत्रातून कळलं. शेवटच्या पानांची प्रुफं काकांनी वाचली. त्यांना वाटलं, बाईंनी अखेर आपलं ऐकलं. पुस्तक आलं त्या दिवशी नवा शर्ट घालून, फुलं घेऊन दारात उभे राहिले. आत्याला वाटलं, यांनीच परस्पर शेवट बदलला आणि वर मिरवायला आले. ती म्हणाली, "या, लेखकमहाशय," आणि त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं. काका बराच वेळ तिथेच उभे होते म्हणे. मग दादाला विचारलं, "माझं काय चुकलं?" दादाने शेवटचं पान तेवढं वाचलेलं. म्हणाला, "शेवट तर छान आहे की!"

दोघं तेव्हापासून बोलत नाहीत. तिने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, दोघांची नाकं वर. त्यानंतरच्या तीन पुस्तकांत मी मरत नाही, मुद्रितशोधक मरतो. आणि ती तिन्ही पुस्तकं काकांनी तपासलेली नाहीत हे आंधळ्यालाही कळेल. एकात चौथ्या प्रकरणात मेलेली काकू सातव्यात चहा ओतते. मी परत आलो त्या रात्री आत्याला विचारलं, "अकराव्यात खरा खुनी कोण होता ग?" ती म्हणाली, "छापलंय ते वाच," आणि ताट उचलून आत गेली. त्या वेळी सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "भाजी छान झालीय."

काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. येत्या शुक्रवारी मुलीकडे राहायला चाललेत, समुद्रापलीकडे, कायमचे. खोली रिकामी केली, दादा सांगत होता.

हे वाचून कारकुनांनी दंतवैद्याचं पुस्तक खाटेखाली फेकलं.

"मग खरा खुनी कोण?"

"मला नाही माहीत."

"माहीत नाही म्हणजे? मी सिस्टरला सांगून बसलोय!"

कलम सात. माझ्यामागे दादाने आत्याला आणि काकांना एका खोलीत बसवून सहावं कलम मोठ्याने वाचावं. पहिल्यापासून वाचावं, शेवटून नव्हे. दार बाहेरून बंद करावं. आणि आत्याने काकांना खरा खुनी सांगावा. त्यांना वीस वर्षांच्या वादाचं एवढं तरी मिळावं.

"आणि तुम्ही वाचलात तर?" कारकुनांनी विचारलं. "एका सळईने कोणी मरत नाही. शुद्धीवर याल, पेज प्याल, शुक्रवार निघून जाईल."

मी पुन्हा टोपण चावायला घेतलं.

"मेल्यावर खरं बोलणारी माणसं मी चाळीस वर्षं बघितली," ते म्हणाले. "प्रत्येकाला वाटतं आपण फार धीट."

याला कुठलं कलम लावायचं ते त्यांनी सांगितलं नाही. पायाला प्लास्टर, पळता येत नाही, आणि सल्ला देणारा हातभर अंतरावर. असली शिक्षा आत्यानेही कधी कुठल्या पात्राला दिली नाही.

येणेप्रमाणे सात कलमं लिहून पुरी केली. खाडाखोड चौदा ठिकाणी, सगळी माझीच.

ठिकाण: पुरुष अस्थिरोग विभाग, खाट क्रमांक नऊ, खिडकीकडची.

तारीख: चौदा, मंगळवार, दुपारचे पावणेपाच. आत्या पाचला डबा घेऊन येते.

सही: दोन्ही साक्षीदार समोर असल्याशिवाय करायची नाही, असं कारकून म्हणतात.

साक्षीदार एक: खाट क्रमांक आठ, निवृत्त कारकून, सध्या नाराज.

साक्षीदार दोन: सिस्टरला विचारलं, तिला नियमाने सही करता येत नाही. समोरच्या खाटेवरच्या माणसाचे दोन्ही हात गळ्यात. दादा वाचणार शेवटची ओळ आणि सही ठोकणार, शिवाय त्याला खोली मिळतेय म्हणून तो चालतही नाही. दुसरा साक्षीदार काही

थांबा. सिस्टर परत आलीय. म्हणतेय, दाराशी एक म्हातारे गृहस्थ भिंत चाचपत उभे आहेत, नऊ नंबर विचारतायत. जाड भिंगाचा चष्मा, खिशाला लाल पेन्सिल. निरोप घ्यायला आलेत.

कारकून कोपरावर उठले. "तारा आत्ताच हातात द्या, म्हणजे हे चालतील. सापडला की साक्षीदार!"

सापडला. हा माणूस औषधाच्या बाटलीवरचा कागदही पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचतो. न वाचता सही त्याने जन्मात केली नाही. आणि हल्ली दिसत नाही म्हणून तो समोरच्याला मोठ्याने वाचायला लावतो.

सिस्टर विचारतेय, आत पाठवू का?

पाठवा म्हणालो.