शिक्का नेऊ नये

३ फेब्रुवारी, मंगळवार
उशिराबद्दल माफी असावी. रोजनिशी एक जानेवारीला सुरू करायचं ठरलं होतं. पण तेव्हा सर्दी होती. मग पेन सापडेना. सापडलं ते लाल निघालं, आणि लाल शाईने वर्ष सुरू करू नये. ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी आधी माफी मागून ठेवलेली बरी. लेकीच्या बाबतीत हा नियम लागू नाही. तिथे चूक तिची आहे.

दिवाळखोर माणसाला विचारावं तसं तिने मला विचारलं होतं, बाबा, आता एकटे कसे राहणार, आमच्याकडे या. मी म्हणालो, मी काय कपाट आहे, उचलून न्यायला? आणि फोन ठेवला. फोन मी ठेवला हे खरं, पण ठेवायला लावला तिने. तेव्हापासून अबोला.

आज अक्का निरोप घेऊन आली. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मागच्याच गल्लीत राहते आणि पुढच्या गल्लीपर्यंत ऐकू येते. लेकीचा निरोप असा: बाबांनी घराजवळच्या बागेत लेटरबॉक्स लपवावा. मी कधीतरी येऊन शोधीन. सापडला तर वर चहाला येईन.
अक्का म्हणाली, तुम्हा बापलेकीला सरळ जिना चढता-उतरता येत नाही, म्हणून डबे लपवायचे!
संकल्प: असा डबा लपवीन की लेकीशिवाय कोणाच्या बापाला सापडणार नाही.

५ फेब्रुवारी
लेटरबॉक्स म्हणजे पत्राची पेटी नव्हे. प्लास्टिकचा डबा, आत हाताने कोरलेला शिक्का आणि छोटी वही. लपवणाऱ्याने खुणेच्या ओळी द्यायच्या. शोधणाऱ्याने आपला शिक्का त्या वहीत उमटवायचा, डब्यातला आपल्या वहीत घ्यायचा, आणि सगळं होतं तसं ठेवायचं. लेकीला लहानपणी हा खेळ मीच शिकवला. म्हणजे तिनेच पुस्तकात वाचला होता, पण डबा माझा होता.

शिक्का कोरला. खोडरबर, ब्लेड, बोटाला दोन पट्ट्या. चित्र: तिची लहानपणची तीनचाकी सायकल. अक्काने ठसा पाहून विचारलं, शेळी का? म्हणालो, नीट बघ. तिने नीट बघितलं आणि म्हणाली, बसलेली शेळी. अक्काला चित्रकलेतलं कळत नाही.

६ फेब्रुवारी
जागेची काळजी. बाग पडली सगळ्यांची. त्यात वरच्या मजल्यावरचे मॅनेजर. बँकेतून रिटायर झाले. बँक सुटली, मॅनेजर सुटला नाही. त्यांना जिओकॅशचा नाद. त्यांचाही डबाच, पण तो कुठे आहे ते मोबाइल सांगतो. सापडला की आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची. यात डोकं कुठे लागतं?

जिन्यात भेटले. म्हणाले, काका, तुमचा डबा माझ्या डब्यांपासून जरा लांब ठेवा. आणि झाकणावर मोठ्या अक्षरात लिहा, हा लेटरबॉक्स आहे, शिक्का नेऊ नये. नाहीतर आमची माणसं वस्तू समजून उचलतील. मी म्हणालो, झाकणावर लिहिल्यावर गुपित ते काय राहिलं? ते हसले. कर्ज नाकारताना असेच हसत असणार.
मी गिरणीचं स्टोअर सांभाळलेला माणूस. सातवी पास, पण एक नट हरवला नाही. मला लपवायला शिकवतात!

७ फेब्रुवारी
जागा मिळाली. बागेतल्या वाकलेल्या झाडाची ढोली. काल मॅनेजर तिथे वाकून काहीतरी करत होते, ते मी बाकामागून पाहिलं. हुशार माणसाने निवडलेली जागा चांगलीच असणार. त्यांचा डबा खाली, माझा त्याच्यावर.
खुणेच्या ओळी अक्काजवळ दिल्या:
पडलीस आणि रडली नाहीस तिथे उभी राहा.
कारंज्याकडे पाठ कर.
वाकलेल्याच्या पोटात हात घाल.
अक्काने विचारलं, वाकलेला म्हणजे तू का?

८ फेब्रुवारी
सकाळी पाहून आलो. आहे. दुपारी पाहिलं. आहे. संध्याकाळी ढोलीत अंधार, दिसेना. टॉर्चला सेल नाहीत. दाराच्या बेलमधले काढून घातले. बेल वाजवतं कोण? दूधवाला दार ठोकतो, अक्का खालूनच हाक मारते, मॅनेजर खोकतात. टॉर्चने पाहिलं. आहे.
उद्या नवे सेल आणायचे.

११ फेब्रुवारी
माळी म्हणाला, आजोबा, ढोलीत अंडी घातलीत का? सारखं येऊन बघताय. मी म्हणालो, व्यायाम. तो म्हणाला, मग झाडाला टेकून का करता?
गवतात पायवाट पडली आहे, बाकापासून थेट ढोलीपर्यंत. कोणाची कोण जाणे. गवतावरून चालू नये एवढं लोकांना कळत नाही.

१३ फेब्रुवारी
घात झाला. शिक्का गेला. त्याच्या जागी प्लास्टिकचा हिरवा बेडूक. लेक एवढ्या लांबून येणार आणि वहीत काय उमटवणार, बेडूक?
वर जाऊन मॅनेजरना स्पष्ट बोललो. म्हणजे दाराशी उभा राहिलो, आणि त्यांनीच विचारलं, शिक्का गेला ना? त्यांनी मोबाइलवर सगळ्यांना निरोप टाकला.
सेल आणायचे राहिले.

१४ फेब्रुवारी
शिक्का परत आला. एका बाईंनी नेला होता. मॅनेजर म्हणाले, त्यांना वाटलं भेटवस्तू आहे. माफी मागत होत्या. शेळी फार गोड आहे म्हणाल्या.
पुन्हा तोच सल्ला: लांब ठेवा, झाकणावर लिहा. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकार नव्हे.
बेडूक परत घ्यायला कोणी तयार नाही. टेबलावर ठेवला आहे. माझ्याकडे बघतो.

१५ फेब्रुवारी
डबा पंपघरामागे हलवला. झाकणावर काही लिहिलं नाही. खुणेच्या ओळी बदलाव्या लागतील. उद्या अक्काला सांगतो.

१७ फेब्रुवारी
पंपघरामागे माळी पाइप ठेवतो. त्याने डबा उचलून विचारलं, आजोबा, डबा विसरलात का, जेवण झालं नाही? तिथून काढून बंद कारंज्याच्या कठड्याखाली ठेवला. अक्काला सांगितलं नाही. सांगितलं तर बोलेल. कायमची जागा ठरली की एकदाच बोलून घेऊ दे.

१८ फेब्रुवारी
बंद कारंजं आज चालू झालं. वर्षभर बंद होतं, आजच बरं सुचलं त्यांना! वही भिजली. तारेवर वाळत घातली आहे.

१९ फेब्रुवारी
पुष्कळ विचार केला आणि उत्तर सापडलं. डबा घरी आणून कॉटखाली ठेवला, ट्रंकेच्या मागे. जिओकॅशवाल्यांचा मोबाइल इथे काय करील? पाऊस नाही, माळी नाही, बेडूक नाही. इतकी सुरक्षित जागा आधी सुचली नाही याचंच नवल. मनावरचं मोठं ओझं उतरलं.
अर्थात हे तात्पुरतं. लेक काही लगेच येत नाही. येण्याआधी चार दिवस कळवेलच, तेव्हा परत ढोलीत ठेवीन.

२१ फेब्रुवारी, शनिवार
दिवसभर घरी. दोनदा टॉर्चने कॉटखाली पाहिलं. आहे. शांत दिवस. कोणी आलं नाही, गेलं नाही. हल्ली बेलची कटकटसुद्धा नाही. इतके दिवस हे सुख का घेतलं नाही?

२२ फेब्रुवारी, रविवार
मॅनेजर खोकले. दार उघडलं. म्हणाले, काका, काल बरे होतात ना? म्हटलं, ठणठणीत. मग म्हणाले, काल दुपारी बागेत एक बाई ढोलीत खांद्यापर्यंत हात घालून बसल्या होत्या. माझाच डबा शोधतायत असं वाटून मी मदतीला गेलो. तर त्या म्हणाल्या, हा नको, माझ्या बाबांचा पाहिजे.

मी वळून कॉटकडे पाहिलं.

मॅनेजर पुढे सांगत होते: बराच वेळ शोधलं. पाऊलवाट बघून म्हणाल्या, बाबा रोज येत असणार. मग म्हणाल्या, पण डबा काढून घेतलाय. राग गेला नसेल. मी म्हणालो, अहो, वर जाऊन तर बघा. तर म्हणाल्या, सापडल्याशिवाय वर जायचं नाही असं मीच म्हटलं होतं, पण जाते. वर आल्या. दोन मिनिटांत खाली. म्हणाल्या, तीनदा बेल वाजवली. बाबा आत आहेत, चप्पल दाराशीच आहे. उघडायचं नाही त्यांना.

मी विचारलं, दार नाही ठोकलं? मॅनेजर म्हणाले, बेल असताना दार कोण ठोकतं काका?

जाताना तिने त्यांच्या डब्यातल्या नोंदवहीत आपला शिक्का उमटवला होता. त्यांनी तेवढं पान फाडून आणलं होतं. फार सुबक कोरलंय. एक चष्मा, उजवी दांडी दोऱ्याने बांधलेली. माझा जुना चष्मा. दोऱ्याची गाठसुद्धा दिसते.
मॅनेजर आज हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

२३ फेब्रुवारी, सोमवार
अक्का येऊन गेली. तासभर बोलली. शेवटी म्हणाली, डबा इतका छान लपवलास रे, की स्वतःलाही लपवून घेतलंस. आणि फोन पुढे केला. मी म्हणालो, खेळात खूण फोनवर सांगायची नसते. ती म्हणाली, मर मेल्या, आणि चहा पिऊन गेली.

संध्याकाळी डबा पुन्हा ढोलीत ठेवला. मॅनेजरनी मोबाइलवर पाहून आपला डबा पार फाटकाजवळ नेला. म्हणाले, तुम्ही कुठे लांब जाता, मीच जातो.
झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. शाई लालच मिळाली.

हा लेटरबॉक्स आहे. जिओकॅश नव्हे. शिक्का नेऊ नये.
ही शेळी नसून सायकल आहे. जिची आहे तिला कळेल.
तिने वर यावे. डबा सापडला नाही तरी यावे.
बेलमध्ये टॉर्चचे सेल घातले आहेत. मी स्वतः बाहेर जाऊन वाजवली आणि धावत आत येऊन ऐकली. तोवर थांबली होती. पण वाजते.
कधी येतेस ते लवकर कळव.